बावीसचा पाना

आमच्या घरात भांडण मिटवायची पद्धत नव्हती. भांडण झालं की ते लोणच्यासारखं बरणीत भरायचं, फडकं बांधायचं आणि मुरू द्यायचं. मग सणावाराला ते थोडं थोडं पानात वाढलं जायचं. अव्वाच्या माहेरच्यांनी लग्नात आप्पांना दिलेलं घड्याळ तिसऱ्या दिवशी बंद पडलं, ते भांडण माझ्या जन्माआधीचं. मी दहावीला होते तेव्हाही ते ताजंतवानं होतं. माझं आणि आप्पांचं भांडण त्या मानानं नवं, आणि कारण म्हटलं तर एवढंसं. एका बॉक्स पान्यावरून आम्ही बापलेक आठ महिने एकमेकांशी बोललो नाही.

नळदुर्गात हायवेला लागून पुढं गॅरेज आणि मागं घर, मध्ये पत्र्याची एक भिंत. पत्र्याच्या अलीकडं अव्वा भाकरी थापायची आणि पलीकडं आप्पा हातोडी चालवायचे. लहानपणी मला वाटायचं की दोघं एकमेकांना उत्तरं देतायत. कॉम्प्रेसर सुरू झाला की फळीवरचे डबे थरथरायचे. फोडणीचा वास गॅरेजात जायचा आणि ऑइलचा वास घरात यायचा. आमच्या शेंगाच्या चटणीला ऑइलचा वास येतो असं आत्या चारचौघांत म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. अव्वा कानडी मुलखातली. रागावली की मराठी सोडून द्यायची. ती "सुम्मनिरु!" म्हणाली, म्हणजे गप्प बस म्हणाली, की मीच काय, आप्पासुद्धा गप्प बसायचे. पण ती वर्षातून एक-दोनदाच रागवायची. रोजच्या रागाचं खातं आप्पांकडं होतं.

आप्पा मुळात विहिरीवरच्या पंपाचे मिस्त्री. पाइप जोडताना आट्यांवर आधी सूत गुंडाळायचं, त्यावर सफेदा फासायचा आणि मग पाइप कसायचा, ही त्यांची विद्या. सफेदा म्हणजे लोण्यासारखा पांढरा लेप. वाळला की दगड होतो. सूतही विकतचं नसायचं. अव्वाच्या जुन्या पातळाचा धागा काढून ते मांडीवर पीळ द्यायचे. त्यांनी जोडलेल्या पाइपातून थेंब बाहेर आला असं आसपासच्या गावांत कुणी म्हणू शकत नव्हतं. "गळती म्हंजे नामुष्की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढं पंप बोअरमध्ये बुडाले, आप्पांनी गॅरेज टाकलं, जीपा आल्या, मोटारी आल्या. पण हात पंपाचाच राहिला. रेडिएटरच्या नळीला सूत-सफेदा, ऑइलच्या नटाला सूत-सफेदा. गिऱ्हाइकं खूश असायची, कारण खरोखरच काही गळायचं नाही.

मला भाऊ नाही. मी शिवणाच्या क्लासला जाईन असं आप्पांनी धरलं होतं. मी तुळजापूरला आयटीआयत मोटार मेकॅनिकला नाव घातलं. आप्पा म्हणाले, "लोकं गाडी दाखवाया येत्याल का तुला बघाया?" हे वाक्य मी आजतागायत विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. दोन वर्षं सकाळच्या एसटीनं गेले, वर्गात एकटी मुलगी, आणि परत आल्यावर गॅरेजात पाऊल टाकलं की आप्पा हातातलं काम थांबवून बिडी पेटवायचे. मी बाहेर गेले की बिडी विझवायचे.

आता पान्याचं सांगते. नव्या गाड्यांच्या धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर नावाची एक गोष्ट बसवलेली असते. मी तिला धूर चाखणारी जीभ म्हणते. धुरात काय आहे ते ती चाखते आणि इंजिनाला सांगते की पेट्रोल जास्त होतंय, हात आखड. तिच्या शेपटाला वायर असते, त्यामुळं नटावर टोपीसारखा चढणारा साधा बॉक्स पाना वरून बसत नाही. पान्याला उभी चीर पाडावी लागते, म्हणजे वायर चिरेतून बाहेर राहते. आमच्या सरांनी सांगितलं, आपापला बावीसचा पाना आणा आणि चीर पाडा. माझ्याकडं कुठला पाना? मी आप्पांचा नेला. तो त्यांच्या हैदराबादच्या उस्तादानं त्यांच्या हातात दिलेला होता, हे मला माहीत होतं. विचारलं असतं तर मिळाला नसता, हेही माहीत होतं. मी तो शिकंज्यात धरला आणि करवत चालवली.

संध्याकाळी आप्पांनी तो पाना पाहिला. हातात घेऊन चिरेतून पलीकडं बघितलं. "खंडेनवमीला ज्याला हात जोडतो त्याला करवत लावली," एवढंच बोलले, आणि तेही पान्याशी. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद.

बंद म्हणजे अव्वामार्फत सुरू. मी पाटावर, आप्पा समोरच्या पाटावर, मध्ये दोन हातांचं अंतर, आणि ते अव्वाला म्हणणार, "तिला सांग, दिवा लावून ठिवत जा म्हणावं." मी म्हणणार, "त्यांना सांगा, दिवा लागलाय." अव्वा तव्यावरची भाकरी उलथत म्हणायची, "म्या काय टेलिफोन हाय व्हय?" तरी ती निरोप द्यायची, आणि देताना त्यातला विखार थोडा गाळून घ्यायची. खंडेनवमीला आप्पांनी सगळी हत्यारं रॉकेलनं धुतली, पोत्यावर मांडली, प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं ओढली आणि झेंडू वाहिला. चीर पाडलेला पाना ग्रीसच्या डब्यामागं मातीत पडला होता. मी तो उचलला, नळावर धुतला आणि माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. विभूती मीही लावली नाही. राग काही एकट्या आप्पांच्या मालकीचा नव्हता.

त्याच सुमारास आत्याचं येणं-जाणं वाढलं. आमच्यात आत्याच्या मुलाला मुलगी देणं हे वाटेवरचं. कुणी वेगळं ठरवलं नाही तर तेच ठरलेलं असतं. आत्याचा बसवराज, म्हणजे बसू, उमरग्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचा. दणकट, हसरा, आणि कुठल्याही नटाकडं तो नट आपला अपमान करतोय अशा नजरेनं बघणारा. आप्पांना तो आवडायचा. लग्न झालं की बसूनं नळदुर्गला यायचं आणि गॅरेज चालवायचं, असं आप्पा आणि आत्या यांचं ठरलं. शनिवारी सुपारी फोडायची होती. मला हे कुणी सांगितलं नाही. अव्वा हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू सडायला बसली तेव्हा मी विचारलं, पाहुणे कोण, आणि तिनं मान वर न करता आत्याचं नाव घेतलं.

माझं लग्न मला न विचारता ठरलं याचा राग आला, पण खरा जाळ वेगळ्याच गोष्टीचा झाला. ज्या दारातून मला आत घेत नव्हते त्याच दाराची किल्ली बसूला देणार होते, आणि वर मलाही त्याच्याच हाती देणार होते, किल्लीसोबत कुलूप द्यावं तसं.

बसू गुरुवारीच येऊन राहिला होता आणि त्याच दिवशी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. त्या तांड्या-वस्त्यांवर दवाखाना घ्यायला स्वतः गाडी चालवत जायच्या; जीभ इंजेक्शनच्या सुईसारखी. उतरल्या ते दार आपटूनच. "मिस्त्री, दोन वर्षं झाली, समोरचा पिवळा दिवा विझत नाही. पेट्रोल तर ही गाडी आंघोळीला वापरते. सोलापूरला दाखवली. ते म्हणतात पाइपातले दोन्ही सेन्सर बदला, पण ते निघत नाहीत, आट्यांत काहीतरी भरलंय. ज्यानं हात लावला त्याच्याकडून काढून आणा म्हणाले. कुणी हात लावला होता?"

आप्पा रुमालानं हात पुसत होते. म्हणाले, "ते कंपनीनं बसविल्यात. माझा हात न्हाय लागला."

मी दारात उभी होते. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी फटफट आवाज करत आली होती. सेन्सरच्या बुडातून धूर गळत होता. आप्पांनी दोन्ही सेन्सर काढले, आणि पुन्हा बसवताना मला हाक मारली, "गिरजे, सूत आण." तेव्हा आम्ही बोलत होतो. मी अव्वाच्या हिरव्या पातळाचं सूत नेऊन दिलं होतं. त्यांनी ते आट्यांवर गुंडाळलं, सफेदा फासला, सेन्सर घट्ट कसले. फटफट बंद झाली. बाईंनी तेव्हा सगळ्या गावात आप्पांचं कौतुक केलं होतं. त्या जिभेला पाइपाच्या धातूचा स्पर्श लागतो, त्याशिवाय तिचा निरोप इंजिनापर्यंत नीट जात नाही. सूत-सफेद्यानं तो स्पर्शच तोडला, आणि तापून तापून सफेद्याचा दगड झाला. हे आप्पांना ठाऊक नव्हतं, पण हात लागला होता हे ठाऊक होतं. ते खोटं बोलले आणि मी ऐकलं. त्या क्षणी मी काही बोलले नाही. का, ते तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. मी ते जपून ठेवलं.

बसू म्हणाला, "मामा, गॅस काढा. पाच मिनिटाचं काम." पुढचा सेन्सर त्यानं लालबुंद होईस्तोवर तापवला, पाना लावला, पाना घसरला आणि नटाचे कोपरे गेले. मग त्यानं छिन्नी घेतली. दुसऱ्या घावाला सेन्सरचं मुंडकं तुटून खाली पडलं आणि आटे आत तसेच राहिले. पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागणार होता. पडलेलं मुंडकं बाईंनी चपलेनं सरकवलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्याची अशी वाट लावायची असेल तर आत्ताच सांगा, गाडी ओढून नेते. शनिवारी सकाळी येईन." मग माझ्याकडं बघून, आप्पांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही शिकलीय ना ह्यातलं?"

रात्रीच्या जेवणाला बसूही पंगतीत होता. मी भाकरी मोडली आणि अव्वाकडं बघून म्हणाले, "त्यांना सांगा, मागचा सेन्सर म्या काढते. आटे न मोडता निघाला तर शनिवारी सुपारी फुटणार न्हाय, आन् गॅरेजात म्या काम करणार."

बसू हसला. आप्पांनी चटणीत बोट फिरवलं. "तिला सांग, काढ म्हणावं. मोडला तर पुन्हा हातात पाना धरायचा न्हाय. उमरग्याला भाकऱ्या थापायच्या."

अव्वानं ह्या वेळी निरोप कुणालाच दिला नाही. तिनं तवा खाली उतरवला आणि चुलीकडं तोंड करून बसली.

शुक्रवारी मी सेन्सरच्या बुडाला जंगतेल, म्हणजे गंज सोडवणारं पातळ तेल, पाजत राहिले. सकाळी पाजलं, दुपारी पाजलं, दिवस मावळताना पाजलं. दुसरं काही केलं नाही. बसू येता-जाता विचारायचा, "काय गं, पूजा चालली व्हय? नैवेद्य काय दावणार?" आता जंगतेलाचे फवारे मिळतात आणि लोकांना वाटतं एकदा फुस्स केलं की काम झालं. ह्या कामात निम्मं काम म्हणजे काही न करणं, आणि बाईमाणूस काही न करता बसलं की सगळ्यांच्या पोटात दुखतं.

शनिवारी सकाळी आत्या आली, नवं लुगडं, हातात सुपारी-खोबऱ्याची पिशवी. डॉक्टरीणबाईही आल्या. घरातून हुग्गीचा वास येत होता. मी इंजिन थोडा वेळ चालवलं, पाइप हाताला चटका बसण्याइतपत तापू दिला आणि बंद केलं. ट्रंकेतून पाना काढला. वायर चिरेत सरकवली, पाना खाली दाबला. नटावर तो असा बसला की जराही हलेना. त्याच्या भोकातून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, घातली आणि टॉमीवर लांब नळी चढवली. आप्पा ऑइलच्या रिकाम्या डब्यावर माझ्याकडं पाठ करून बसले होते.

मी आधी सेन्सर आणखी घट्ट कसला. बसू लगेच ओरडला, "उलटं फिरवायली, मामा! कसायली ती!" आप्पांनी मान वळवली नाही. सरांनी शिकवलं होतं, धरलेले आटे आधी केसभर कसायचे, म्हणजे आतला दगड तडकतो, मग सोडायचं. मी कसला, काही झालं नाही. पुन्हा कसला. पाइपाच्या आतून टिच्च असा बारीक आवाज आला, भुईमुगाची शेंग फोडावी तसा. मग सोडायला लागले. किर्रर्र करत तो नखभर फिरला. तेल पाजलं. परत कसला, परत सोडला. नखभर पुढं, अर्धं नख मागं. माझ्या हाताची सालटं निघाली, पाठीला गाडीखालची माती चिकटली. ज्या ठिकाणी तो अडायचा तिथं मी थांबायचे, आणि थांबले की मला माझ्याच छातीतले ठोके पान्यातून ऐकू यायचे. आत्या एकदा म्हणाली, "पोरीच्या जातीला शोभतं का हे, दादा?" पत्र्यापलीकडून अव्वाचा आवाज आला, "सुम्मनिरु!"

बराच वेळ गेला. मग एका फेऱ्याला पाना हलका झाला. सेन्सर बोटांनी फिरू लागला आणि माझ्या तळहातावर आला. मी पाइपाच्या भोकात बोट घालून बघितलं. आटे शाबूत होते.

मी गाडीखालून बाहेर आले. डॉक्टरीणबाईंनी हात पुढं केला, मी सेन्सर त्यांच्या हातावर ठेवला. त्याच्या आट्यांत पांढरा दगड भरला होता आणि त्या पांढऱ्यातून जळलेल्या धाग्याची काळी रेघ गोल गोल फिरत वर गेली होती. बाईंनी नखानं खरवडून पाहिलं. "हे पांढरं काय?"

पांढरं काय हे बाई सोडून तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आत्याच्या घरच्या बोअरच्या पाइपावरही तेच होतं. बसूची नजर खाली गेली. आणि आप्पा डब्यावरून उठले, माझ्यासमोर आले, कमरेचा रुमाल काढून माझ्यापुढं धरला आणि म्हणाले,

"पूस ते, गिरजे."

आठ महिन्यांनी. थेट माझ्याशी. आवाज इतका खाली की तो त्यांचा वाटलाच नाही. त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते, आणि त्यात राग नव्हता. मला त्यांचा राग पाठ होता. हे दुसरं काही मला वाचता आलं नाही. वाचता आलं असतं तरी मी वेगळं वागले असते असं आज म्हणणार नाही. मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. आयुष्यात तितकं बरं पुन्हा कधी वाटलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दगड झालेला सफेदा रुमालानं पुसला जात नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. मी रुमाल घेतला नाही. बाईंना म्हणाले, "सफेदा हाय. खाली सूत. आप्पांनी लावलाय, दोन वर्षांमागं. सूत म्याच दिलं हुतं."

बाई आप्पांकडं बघत राहिल्या. त्यांनी सेन्सर बॉनेटवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "नवे दोन्ही तू बसव." मग झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. आत्यानं पिशवीची गाठ जास्तच घट्ट बांधली. शब्द शब्द होता. सुपारी फुटली नाही. हुग्गी अव्वानं सगळ्यांना वाढली, कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. बसूनं जाताना मला "शाब्बास" म्हटलं. ते त्यानं मनापासून म्हटलं असावं, पण तो चांगला माणूस होता हे कबूल करायला मला अजूनही जड जातं.

गॅरेज मला मिळालं. आप्पांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि परत कधी तिला हात लावला नाही. त्यानंतर ते माझ्याशी थेट बोलू लागले, अव्वाचं टेलिफोनचं काम संपलं. पण त्यांनी पुन्हा कुठल्याही आट्यावर सूत गुंडाळलं नाही. सफेद्याचा डबा उघडाच राहिला आणि वाळून दगड झाला. विहिरीचा, बोअरचा, कसलाही पाइप घेऊन वीस-वीस वर्षांच्या ओळखीची माणसं यायची आणि म्हणायची, आप्पा, तेवढं गळतंय बघा. आप्पा बाजेवर बसलेले असायचे. माझ्याकडं बघत, मला ऐकू येईल असं, एक एक शब्द सुटा करून ते म्हणायचे,

"मला त्यातलं कळत न्हाय. पोरीला इचारा."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी दोन वर्षं एसटीनं तुळजापूरला गेले होते. ते मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते मला शिवीसारखं ऐकावं लागलं.